सुटलेल्या थराची पाठ

धुळ्यातल्या एका प्रिंटिंगच्या दुकानात, कटिंगच्या टेबलावर, वीतभर रुंदीची एक पट्टी पडली होती. एका दूधगाडीच्या बाजूवर विनाइलचं मोठं चित्र लावलेलं होतं. त्याच्यावरचं पारदर्शक लॅमिनेट एप्रिलमध्ये कडेने उठायला लागलं. गाडीमालकाने ते हातानेच सोललं आणि दुकानात आणून टाकलं. काम जानेवारीतलं, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचं. "भो, हाई काय व्हयनं?" एवढंच म्हणून तो बाहेर गाडीत जाऊन बसला.

दुकानाच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात. वीस-बावीस वर्षं त्यांनी ब्रशने पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला, मग विनाइल आलं, आणि आता त्यांच्याकडे लॅटेक्स शाईचं मशीन आहे. त्यांचा सगळा राग लॅमिनेटवर होता. "रोलच खराब निघाला भाऊ," ते म्हणाले. त्यांनी दुसऱ्या कंपनीचा रोल मागवला होता, तरी नंतरच्या दोन कामांत तेच झालं होतं. मी पट्टी उचलून उलटी केली. खालच्या बाजूला गडद निळा रंग जसाच्या तसा चिकटून आला होता, दुधाच्या थेंबाच्या चित्राची गोलाई त्यात ओळखू येत होती. म्हणजे लॅमिनेटच्या गोंदाने आपलं काम चोख केलं होतं. त्याने शाईला इतकं घट्ट धरलं होतं की विनाइलच्या हातून शाई सुटली. दोष होता तो दोन थर खाली.

थर सुटला की आपण वरच्याला दोषी धरतो, कारण सुटलेला तोच दिसतो. पण सुटलेल्या थराला एक पाठ असते आणि बहुतेक उत्तर त्या पाठीवर असतं. ती बघितल्याशिवाय रोल बदलणं म्हणजे नाडी न बघता औषध बदलणं.

पाठ वाचायची कशी, ते आधी सांगतो. लॅमिनेट सोललं आणि त्याची पाठ स्वच्छ आहे, बोट लावलं तर अजून चिकट लागते, खाली शाई पूर्ण शाबूत आहे, तर गोंद शाईला नीट टेकलेलाच नाही. तिथे दाब, उष्णता, वेग किंवा शाईच्या पृष्ठभागावरचा तेलकटपणा तपासायचा. पाठीवर रंग आला आणि खाली पांढरं विनाइल उघडं पडलं, तर शाईने विनाइलला धरलेलं नव्हतं. गोंदाचा लगदा दोन्हीकडे थोडा थोडा दिसला, बोटाला धाग्यासारखा ओढला गेला, तर गोंद स्वतःच मधून फाटला. हे बहुतेक वेळा उन्हाने किंवा विनाइलमधून झिरपलेल्या तेलकट द्रव्याने होतं. आणि विनाइलसकट सगळे थर एकत्र पत्र्यावरून उठले, तर पत्रा पुसणाऱ्याला विचारा. गाडीवरचं पॉलिश किंवा डिझेलचा हात तिथे राहिलेला असतो, छपाईचा त्यात काही संबंध नाही.

आता हे थर आहेत तरी काय, ते समजून घेऊ.

सगळ्यांत खाली मागचा कागद, जो लावताना काढून टाकायचा. त्याच्यावर गोंद, गोंदावर विनाइल, विनाइलवर शाई, शाईवर लॅमिनेटचा गोंद आणि सर्वांत वर लॅमिनेटची फिल्म. कागद सोडला तर पाच थर, आणि सगळ्यांची मिळून जाडी साधारण पाव मिलिमीटर. जिथे दोन थर एकमेकांना भेटतात, अशी प्रत्येक जागा सुटण्याची जागा आहे.

विनाइल म्हणजे पीव्हीसी. जळगावकराला पीव्हीसी नव्याने सांगायला नको. भवरलाल जैन यांनी जळगावात पीव्हीसी पाइपांचा कारखाना काढल्याला चार दशकं उलटली आणि बांभोरीचा प्लॅस्टिक पार्क महामार्गावरून जाताना सहज दिसतो. शेतातला तो पाइप टणक असतो आणि गाडीवरचं विनाइल कापडासारखं वळतं, तरी मूळ राळ एकच. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्याने, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. या मऊ पीव्हीसीच्या जन्माची हकीकत आपल्या विषयाला फार लागू पडते. अमेरिकेत १९२६ साली वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर आणि धातू चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्याने पीव्हीसी एका द्रावकात तापवलं. चिकटवणारा पदार्थ काही मिळाला नाही, हाती लवचीक गोळा आला. विनाइल जन्माला आलं ते गोंदाच्या शोधातून, आणि गोंदाशी त्याचं अजून पूर्ण जमलेलं नाही. कारण ते तेलकट द्रव्य जागेवर बसून राहत नाही. स्वस्त विनाइलमध्ये त्याचे रेणू लहान असतात. उन्हात ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात, गोंदात उतरतात, शाईखाली येतात. खानदेशच्या एप्रिल-मेमध्ये पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो, तेव्हा ही सरक वाढते.

विनाइल दोन तऱ्हांनी बनतं, आणि हा फरक प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ हवा. एक तऱ्हा लाटण्याची. गरम पीव्हीसीचा गोळा मोठ्या रुळांमधून दाबत दाबत पातळ करतात. दुसरी ओतण्याची. पातळ मिश्रण एका सपाट पृष्ठावर पसरून भट्टीत वाळवतात. मैद्याची पुरी लाटून ठेवली तर थोड्या वेळाने ती आकसते, हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तव्यावर ओतलेलं धिरडं तसं आकसत नाही, कारण त्याला कोणी ताणलेलंच नसतं. लाटलेल्या विनाइलला आपला जुना आकार आठवतो आणि ऊन लागलं की ते तिकडे परतायला बघतं. ओतलेलं विनाइल शांत असतं, म्हणून गाडीच्या वळणदार पत्र्याला ते वापरतात. खाली एका जातीचं विनाइल आणि वर दुसऱ्या जातीचं लॅमिनेट, अशी जोडी जमवली तर दोघं वेगवेगळं आकसतात आणि कडा वर वळतात. ओतलेल्याला ओतलेलं, लाटलेल्याला लाटलेलं. लॅमिनेटच्या रोलमध्ये थोडे पैसे वाचवायला जाऊन ही जोडी बिघडवणं मला सर्वांत महागात पडणारी काटकसर वाटते.

आता शाई. लॅटेक्स म्हणजे चीक. रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवणाऱ्याला चिकाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कापलेल्या दांड्यातून तो पाण्यासारखा गळतो, सदऱ्यावर पडतो आणि वाळल्यावर धुऊन जात नाही, डाग काळपट होऊन कायमचा बसतो. रबराच्या झाडाचा दुधी चीक तर रबराच्या सूक्ष्म कणांनी भरलेला असतो. छपाईच्या लॅटेक्स शाईत झाडाचा चीक नसतो, पण घडण तशीच असते. पाणी, त्यात तरंगणारे कृत्रिम पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य. एचपी कंपनीने अशी शाई वापरणारं मोठ्या रुंदीचं मशीन २००८ साली बाजारात आणलं. त्याआधी अशा कामाला बहुतेक सॉल्व्हंट शाई चाले. तिचा वास दुकानभर राहायचा आणि छापलेला माल लॅमिनेट करण्याआधी निदान एक दिवस उघडा ठेवावा लागायचा. लॅटेक्समध्ये मुख्य द्रव पाणी असल्याने वास गेला. मशीनमधून माल वाळून बाहेर येतो आणि लगेच लॅमिनेट करता येतो, हे या तंत्राचं मोठं आकर्षण होतं.

पण "वाळला" आणि "पिकला" यांत फरक आहे. केळं पिवळं दिसायला लागलं म्हणून आतून पिकलेलंच असतं असं नाही. लॅटेक्स शाईच्या बाबतीत आधी पाणी उडतं. मग साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत पॉलिमरचे कण मऊ होतात, एकमेकांत मिसळतात, त्यांची सलग साय धरते आणि रंगद्रव्य त्या सायीत कोंडलं जातं. हे घडतं तेव्हा शाई विनाइलला धरते. शाईत आणखी काही द्रव्यं असतात. छपाईच्या डोक्याची बारीक छिद्रं सुकून बंद होऊ नयेत म्हणून ती घातलेली असतात. ती पाण्यापेक्षा उशिरा उडतात. उष्णता कमी पडली किंवा माल घाईने पुढे गेला तर ती शाईतच राहतात. हाताला माल कोरडा लागतो, पण बोट जरा दाबून फिरवलं तर किंचित तेलकट. अशा शाईवर लॅमिनेट बसवलं की आतलं द्रव्य बाहेर पडायला वाट उरत नाही. उन्हाळा आला की ते शाईच्या वर नाहीतर खाली साचतं आणि पकड सोडवतं.

आप्पांच्या पट्टीवर हेच लिहिलेलं होतं. निळा रंग गडद, म्हणजे त्यात निळ्या, किरमिजी आणि काळ्या शाईचे थेंब एकावर एक. जितकी शाई जास्त तितकं द्रव जास्त. पांढऱ्या आणि फिक्या भागावरचं लॅमिनेट गाडीवर अजून घट्ट होतं, सुटलं होतं ते गडद भागावरचंच. रोल खराब असता तर सगळीकडे सारखं सुटलं असतं. मी विचारलं, "आप्पा, जानेवारीत हे काम किती वाजता छापलं?" त्यांना आठवत होतं. संक्रांत आणि २६ जानेवारीच्या मधली गर्दी, तीन गाड्या एकाच दिवशी द्यायच्या, म्हणून सकाळी सहाला मशीन सुरू केलं होतं आणि वेग वाढवला होता. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा १० अंशांखाली जातो. पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर ठेवलेला विनाइलचा रोल बर्फासारखा गार असतो. अशा मशीनसाठी खोली साधारण १५ ते ३० अंशांत असावी, असं त्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. गार रोल, जास्त वेग, गडद रंग. तिन्ही गोष्टी एकाच सकाळी जमल्या.

आप्पा बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाटी रंगवताना आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा हात मारायचा नाही." त्यांना रसायनशास्त्र समजावून सांगण्याची माझी तयारी होती, पण तिची गरज राहिली नाही.

पिकलेलं तपासायची रीत सोपी आहे. चित्रातला सर्वांत गडद भाग शोधा. माल गार झाल्यावर पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून त्या भागावर दहा-बारा वेळा दाबून घासा. फडक्यावर रंग आला किंवा चकाकी पुसट झाली तर शाई कच्ची आहे. मग साधी पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचा कण आला तर लॅमिनेट लावूच नका, तो माल पुन्हा छापा. उपाय तीन, आणि ते एकेक करून बघायचे: उष्णता दोन-तीन अंशांनी वाढवणं, पास म्हणजे छपाईच्या डोक्याच्या फेऱ्या वाढवून वेग कमी करणं, आणि मशीनच्या रंग-प्रोफाइलमध्ये शाईची कमाल मर्यादा खाली आणणं. तिसऱ्याकडे लोक सहसा जात नाहीत, आणि गुण बहुतेक तिथेच येतो. उष्णता भरमसाट वाढवली तर विनाइलला लाटा येतात आणि मग लॅमिनेट वेगळ्याच कारणाने बसत नाही.

गाडीवर आणखी एक खूण होती. मधल्या भागात, जिथे लॅमिनेट सुटलेलं नव्हतं, तिथे त्याच्याखाली चंदेरी झाक दिसत होती, जणू कोणी भुकटी उडवलीय. धंद्यात याला सिल्व्हरिंग म्हणतात. जळगाव सोन्याचं गाव. तिथल्या सराफाकडे असतं तसं डोळ्याला लावायचं भिंग प्रत्येक प्रिंटिंगवाल्याने जवळ ठेवावं. भिंगाखाली ती झाक बघितली की गोष्ट उलगडते. शाईचे थेंब छोट्या टेकड्यांसारखे उभे असतात, आणि दोन टेकड्यांमधल्या दरीत गोंद उतरलेला नसतो. तिथे हवा अडकलेली असते. प्लॅस्टिकमधून हवेत जाताना प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग उलटा फिरतो, हवेतून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये शिरताना तेवढाच आणखी. अशी लाखो पोकळ्या असलेली जागा चंदेरी दिसते. साबणाचं पाणी पारदर्शक आणि त्याचा फेस पांढरा दिसतो, त्याचं कारण हेच.

गोंद दरीत का उतरत नाही? लॅमिनेटचा गोंद दाबाने चिकटणारा असतो. या जातीच्या चिकटपट्ट्यांची गोष्ट थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यूपासून सांगतात. त्याने १९२५ मध्ये मोटारी रंगवणाऱ्यांसाठी मास्किंग टेप केली आणि १९३० मध्ये पारदर्शक पट्टी आणली. असा गोंद कधी वाळत नाही. तो घट्टही असतो आणि अतिशय संथ वाहतही असतो, म्हणून दाब दिल्यावर तो पृष्ठभागाच्या खाचाखोचांत सरकतो. त्याला दाब, थोडी ऊब आणि वेळ लागतो. गार गोंद ताठ असतो, सरकत नाही. पृष्ठभागाचाही त्यात वाटा आहे. केळीच्या पानावर पाणी टाकलं तर थेंब गोळा होऊन घरंगळतो, कारण पानावर मेणाचा पातळ लेप असतो. पाणी पानाला ओलं करू शकत नाही, आणि जे ओलं होत नाही त्याला चिकटता येत नाही. शाईवर ओरखडे पडू नयेत म्हणून काही लॅटेक्स शाईंत मेणासारखे निसरडे घटक घातलेले असतात. त्यात छापलेल्या मालावर हाताच्या घामाचा तेलकटपणा, पॉलिशचा वास असलेलं फडकं, सिलिकॉनच्या स्प्रेचा उडालेला कण यांची भर पडली की शाईचं केळीचं पान होतं. छापलेला माल कडेनेच धरावा.

सिल्व्हरिंग दिसलं म्हणून घाबरून लगेच सोलू नये. हलकं असेल तर २४ ते ४८ तासांत गोंद हळूहळू दऱ्यांमध्ये उतरतो आणि झाक विरते. विरली नाही तर तोच माल कोमट रुळातून पुन्हा काढावा. रूळ तापवायची सोय असलेल्या मशीनवर ४० ते ५० अंश पुरे होतात आणि वेग मिनिटाला एक-दोन मीटरच्या वर नेऊ नये. रूळ सगळीकडे सारखा दाबतो का, हे बघायला यंत्र लागत नाही. वर्तमानपत्राच्या तीन सारख्या पट्ट्या कापा, एक डावीकडे, एक मधे, एक उजवीकडे रुळांमध्ये धरा, रूळ बंद करा आणि एकेक पट्टी ओढा. जी सहज निघते तिथे दाब कमी. आप्पांच्या मशीनवर उजवी पट्टी बोटाच्या चिमटीनेही निघाली. ती झाक नेहमी उजव्या हाताला का येते, याचं कोडं त्यांना दोन वर्षांपासून पडलेलं होतं.

ताणाचं दुखणं वेगळं. कापडाला अस्तर ताणून लावलं तर शिवताना सरळ दिसतं, सुटल्यावर चुण्या पडतात. लॅमिनेटचा रोल ब्रेक घट्ट ठेवून सोडला की फिल्म ताणली जाऊन बसते, मग परत आकसते आणि आडव्या बोगद्यांसारख्या सुरकुत्या उठतात. मे महिन्यात फिल्म उन्हाने मऊ झालेली असते, तेव्हा तोच ब्रेक जास्त ताणतो. उन्हाळ्यासाठी ब्रेक वेगळा लावावा लागतो, ही गोष्ट मी आजवर एकाही पुस्तिकेत वाचलेली नाही. ती खानदेशात शिकावी लागते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या फिल्मवर स्थिर विद्युत जमते आणि ती धूळ ओढून घेते. धुळे म्हणजे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग मिळतात ते गाव, दुकानाच्या दारातून धूळ येणारच. उकाड्यावर कूलर लावला तर तो दमट हवा मशीनवर मारतो. पावसाळ्यात विनाइलचा मागचा कागद ओल धरून लाटांसारखा वाकतो आणि रुळात सपाट जात नाही. रोल पिशवीत बंद करून जमिनीपासून वर ठेवणं, आणि छापायच्या आदल्या रात्री खोलीत आणून ठेवणं, याला पर्याय नाही.

आणि कड. लॅमिनेटची पकड शाईपेक्षा कोऱ्या विनाइलवर जास्त घट्ट बसते. म्हणून चित्राच्या भोवती तीन-चार मिलिमीटर कोरी किनार ठेवली तर लॅमिनेट तिथे विनाइलला सरळ धरतं आणि कड राखली जाते. स्टिकर आकारात कापायचे असतील तर लॅमिनेट केल्यावर निदान एक दिवस थांबून मग प्लॉटरवर घालावेत. ताज्या गोंदावर पातं फिरलं की ते कड उचलूनच पुढे जातं.

आप्पांच्या दुकानातून निघाल्यावर मला अजिंठा आठवला. जळगावपासून अजिंठ्याची लेणी साधारण ६० किलोमीटरवर. मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली ती चित्रं, आणि ती टिकावीत म्हणून माणसांनी त्यांच्यावर चढवलेले थर, यांची हकीकत आपल्या विषयाला जवळची आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला आला आणि आयुष्यभर इथेच राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या आणि १८७९ मध्ये तो गेला. त्याची कबर भुसावळला आहे. एकोणिसाव्या शतकात नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर काही ठिकाणी व्हार्निश फिरवलं गेलं. पुढे निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलावलं. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी आणि त्यांच्या साहाय्यकाने पोपडे धरलेली चित्रं भिंतीला पक्की केली आणि वर लाखेचा थर दिला. सुतार लाकडाला लावतात तीच चपडी लाख. हेतू चांगला होता, त्या काळच्या ज्ञानात कामही मनापासून केलेलं होतं. पण लाख वर्षानुवर्षं पिवळी पडली, कडक झाली, आकसली. आकसताना खालच्या रंगाचे पापुद्रे तिने वर ओढले, कारण तिची पकड रंगावर घट्ट होती आणि रंगाची मातीवर तेवढी नव्हती. आप्पांच्या टेबलावरची पट्टी आणि अजिंठ्याची भिंत यांची मोलाने बरोबरी करायची नाही, पण दोन्हीकडे घडलं ते एकच. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ ती लाख इंच इंच काढत आले आहेत. ते आधी खालचा रंग मातीला किती धरून आहे ते बघतात आणि मगच वरच्या थराला हात लावतात.

आप्पांनी दूधगाडीचं काम पुन्हा केलं. निळ्याची शाईमर्यादा खाली आणली, दोन पास वाढवले, छापलेला माल रात्रभर सैल गुंडाळून उभा ठेवला, सकाळी फडक्याने घासून बघितला. उजव्या बाजूचा रूळ घट्ट केला. लॅमिनेट मात्र आधीच्याच पुरवठादाराचं घेतलं, ज्याच्याशी त्यांनी भांडण काढलं होतं. फोन करून त्यांनी त्याला खरं काय झालं ते सांगितलं. मे गेला, जून गेला, पोळ्यापर्यंत कड उठली नव्हती.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर एक करा. विनाइलचा, लॅमिनेटचा किंवा शाईचा नवा माल सुरू केला की सर्वांत गडद रंगाची वीतभर पट्टी छापा, लॅमिनेट करा, तिच्यावर तारीख, पास आणि खोलीचं तापमान पेनाने लिहा आणि दुकानाबाहेर ऊन लागेल अशा पत्र्यावर चिकटवा. गिऱ्हाइकाची गाडी परत येण्याआधी ती स्वतः सोला, आणि सोलल्यावर आधी तिची पाठ बघा.